आखूड दोराची होडी

महिपती रंगाऱ्याच्या हाताला शंका ठाऊक नव्हती. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या. गिरणीतल्या कापडाच्या ताग्यांवर चिकटवायच्या कागदी छापांवरचे मोर, हत्ती आन् लक्ष्म्याही त्याच्याच. कुणी छेडलं, "महिपती, सिंह कवा बघितलास रं?" तर तो कुंचला कानावर खोचून म्हणायचा, "सिंहानं तरी मला कुटं बघितलंय? तरी बसतोय की न्हाय गप पाटीवर?"

अशा माणसानं समुद्र काढायला घेतला तर त्याला अडवणार कोण?

समुद्राचं निमित्त झाली फिलूबाय. १९२८च्या आसपास शेजारच्या दोन खोल्यांत मिनेज नावाचं किरिस्ताव बिऱ्हाड राहायला आलं. नवरा जुझे रेल्वेच्या शेडमध्ये फिटर. बायको फिलू मुंबईच्या उत्तरेला, खाडीपलीकडच्या गोराईची. दुपारी महिपतीची बायको कस्तुराबाई अन् ती मिळून शेंगा फोडत बसायच्या, आणि फिलूच्या तोंडून तिचं माहेर सोलापूरच्या उन्हात उतरायचं. तिचा बाप इनासबाबा म्हणे रविवारी नवे बूट हातात धरून देवळापर्यंत अनवाणी चालायचा, दारात बूट घालायचा आणि मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, संपली की पुन्हा काढून काखेत मारायचा. बाजाराला नेताना होडीतच कोंबडीनं अंडं घातलं, तर ते कोंबडीच्या मालकिणीचं की होडीच्या मालकाचं, यावर खाडी ओलांडेपर्यंत भांडण चालायचं.

महिपती पाटी रंगवता रंगवता ऐकायचा. एके दिवशी त्यानं छापाच्या कागदामागं बूट काखेत मारलेला म्हातारा काढला. फिलूनं तो बघितला आणि पदर तोंडात कोंबून खाली बसली.

"दादा, बाबाला तुमी बघितला कवा?"

"कशाला बघाया पायजे?" महिपती म्हणाला. "तू बोललीस, दिसला."

जुझेनं ते चित्र मुंबईला एका पाद्रीबाबांकडं धाडलं. पाद्रीबाबा तिथं ख्रिस्ती घरांसाठी एक मासिक चालवायचे. त्यांना चित्र आवडलं. दर महिन्याला 'इनासबाबाचं घर' या नावाखाली एक पान छापून येऊ लागलं. गोराईत इनासबाबा ते पान खिशात घालून हिंडायचा. त्याचं पोट डेऱ्यासारखं काढलंय, नाक वांग्यासारखं काढलंय, याचं त्याला काही वाटलं नाही. उलट शेजाऱ्यांना म्हणायचा, "तुमचं नाक छापतं का कोण?"

प्रत्येक चित्र आधी फिलू बघायची आणि मगच ते मुंबईला जायचं. हा शिरस्ता मोडला नाताळात. फिलू माहेरी गेली आणि इकडं पुढचं पान पाठवायची वेळ आली.

"फिलूबाय यूं द्या की," कस्तुराबाई म्हणाली.

"मी काय आंधळा हाय? पाणी ते पाणी!"

महिपती सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेला. पायरीवर बसून पाण्याकडं नीट बघून आला आणि घरी येऊन झकास चित्र काढलं. इनासबाबा सहकुटुंब सणाला निघालाय, पायऱ्यांचा घाट हाय, घाटाला दगडी खांब हाय, आणि खांबाला होडी हातभर दोरानं घट्ट बांधलीय. गाठ तर अशी काढली, की बघणाऱ्याला सोडवायचा मोह व्हावा.

ते पान छापून आलं आणि फिलू माहेराहून परतली. पिशवी खाली ठेवायच्या आतच म्हणाली, "दादा, बाबा लई रागावलाय. म्हणतो, माझं नाव काढून टाका. आता एक चित्र नको माझ्या घराचं."

महिपतीचा हात पहिल्यांदाच थांबला. "पोट मोठं झालं का?"

"पोटाचं काय नाय. दोर!"

"दोराला काय झालं? चांगला पिळाचा काढलाय."

"आखूड हाय! हातभर दोरानं होडी बांधून मिस्सेला गेलात, तर परत येईस्तो होडी खांबाला लटकलेली. पोरं पण असली बांधत नाय. आख्खं गाव बाबाला विचारतं, इनास, म्हातारपणी होडी बांधायची विसरलास का?"

"लटकंल कशी? खाली पाणी हाय की."

"पाणी जातं ना!"

"जातं? कुटं जातं?"

फिलू त्याच्याकडं बघतच राहिली. मग तिच्या ध्यानात आलं, की या माणसानं जन्मात बघितलं ते तळ्याचं पाणी. उन्हाळ्यात ते हळूहळू खाली जातं, पावसाळ्यात वर येतं. न्याहारी आणि जेवणाच्या मधे कुठं जाऊन येत नाही.

ती न्हाणीतलं घंगाळ ओढून घेऊन आली. काठोकाठ पाणी भरलं. करवंटीच्या काठाला भोक पाडून सुतळी ओवली आणि घंगाळाच्या कडीला आखूड बांधली. करवंटीत चार शेंगदाणे ठेवले. "हा बाबा, ही आई, ही मावशी, ही कोंबडी. आता ही सुकती लागली." ओहोटीला तिच्या माहेरी सुकती म्हणायचे. तांब्यातांब्यानं ती पाणी उपसू लागली. पाणी खाली गेलं, सुतळी ताणली, करवंटी कलली आणि एकेक करून सगळं कुटुंब बुडालं. कोंबडी शेवटी.

"दिसाला दोन डाव," फिलू म्हणाली. "पुरुषभर खाली जातं, पुरुषभर वर येतं."

"अगाई!" कस्तुराबाई म्हणाली. "आन् ह्यांनी बिचाऱ्याला सणाच्या कापडात टांगला की वो!"

महिपती घंगाळावर वाकला. पाटीवर सिंह चुकला तर सिंह तक्रार करायला येत नाही. इथं जन्मभर होडी हाकलेल्या म्हाताऱ्याचं गावात हसं झालं होतं. पण त्याच्या डोळ्यांसमोरून ती कललेली करवंटी काही हलेना. आणि त्याला हसू फुटलं.

"फिलूबाय, हेच काढतो."

"दादा! बाबा जीव घेईल!"

"घिऊ दे. कुणाचा घ्यायचा ते बी काढतो."

त्या दिवशी पाटीचं काम तसंच राहिलं. संध्याकाळपर्यंत चित्र झालं. पाणी पार खाली, चिखलात खेकडे, खांबाला होडी आडवी लटकलेली, कोंबडी दोराला धरून. सगळं कुटुंब कमरेवर हात ठेवून एकाच माणसाकडं बघतंय. तो माणूस त्यांच्यातला नव्हे. डोक्याला सोलापुरी रुमाल, कानावर कुंचला, हातात दोराचं शेपूट, तोंड उघडं. खाली ओळ: "पाव्हणा म्हणतो, आमच्या तळ्यात असं हुत न्हाय!"

कस्तुराबाईनं चित्र निरखलं. "नाक बेस जमलंय तुमचं," ती म्हणाली.

जुझेला रेल्वेचा पास होता. छापायला देण्याआधी तो चित्र घेऊन थेट सासऱ्याकडं गेला. तो येईपर्यंत महिपतीनं एका किराणा दुकानाच्या पाटीवर दोनदा एकच अक्षर रंगवलं, असं कस्तुराबाई पुढं कैक वर्षं सांगायची. महिपती कबूल करायचा नाही.

जुझे परत आला तो सुक्या बोंबलांच्या करंडीसकट. पेठेतली मांजरं त्याच्या मागोमाग आली. करंडीवर काथ्याच्या जाड दोराची एवढी मोठी चुंबळ होती.

"सासरा काय बोलला?" महिपतीनं विचारलं.

"आधी बोललाच नाय. चित्र घेऊन बांधावर गेला, चार घरी दाखवलं. सगळ्यांना सांगतो, बांधणारा हा बघा, मी नव्हं! मग मला म्हणाला, पाव्हण्याला दर चित्रात ठेवा. फक्त दोराला हात लावू देऊ नका. आणि हा दोर धाडलाय. म्हणतो, होडीला एवढा लागतो, मोजून घे."

महिपतीनं चुंबळ सोडली. दोर त्याच्या दारापासून निघाला, बोळ ओलांडून समोरच्या कडुलिंबाला वळसा घालून परत आला, तरी पायाशी वेटोळं उरलंच.

"बगा," महिपती छाती काढून कस्तुराबाईला म्हणाला, "म्हनलं नव्हतं, ह्ये चित्र गाजणार म्हून?"

"व्हय, म्हनलं हुतं की," ती म्हणाली, आणि त्या दोरावर धुणं टाकायला लागली. दोर सैल होता. धोतराचं टोक मातीला टेकत होतं. ती तो ताणून बांधायला गेली तसा महिपती ओरडला, "ऱ्हाऊ दे! सैलच पायजे!"

आणि कागद मांडीवर घेऊन, तो झोल जसाच्या तसा काढू लागला.