फलकाखालचं नाव

धम्मदीपाताईंचं अक्षर कसं, ते मानोरा गावात कोणालाही विचारा. आमच्या शाळेत त्या प्रयोगशाळा परिचर. परीक्षानळ्या धुवायच्या, कपाटं पुसायची, हे त्यांचं काम. पण दाराजवळचा मोठा फलक बावीस वर्षं त्यांनीच लिहिला. मजकूर त्यांनी शोधायचा, रंगीत खडू पाण्यात भिजवून त्यांनी लिहायचा आणि खाली 'फलकलेखन' म्हणून नाव विज्ञानाच्या भागवत सरांचं! काहून? तर तशी रीत आहे म्हणे. मी या शाळेचा कारकून, आणि या रीतीनं माझं डोकं फिरतं.

यंदा विज्ञान दिनाला ताईंनी पल्सरची गोष्ट लिहिली. पल्सर म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओलहरी पाठवणारा तारा. १९६७ साली इंग्लंडात जोसलीन बेल नावाच्या विद्यार्थिनीनं रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींच्या लांबच लांब कागदी पट्ट्या तपासताना त्याची खूण पहिल्यांदा हेरली. नोबेल मात्र गेलं तिच्या मार्गदर्शकाला. ताईंनी मथळा दिला, 'शोध तिचा'. आणि खाली, बावीस वर्षांत पहिल्यांदा, स्वतःचं नाव टाकलं.

परिपाठाआधी भागवत सर आले आणि मथळ्यावरच अडले. दुर्बिणीची कल्पना मार्गदर्शकाची, ती पोरगी नुसती मदतनीस, आणि तिनं स्वतः कुठं तक्रार केली, असं सगळं त्यांनी ऐकवलं. वा रे वा! म्हणजे गप्प बसणाऱ्याचं खुशाल लुटून घ्या! मग खालच्या नावाकडे बोट दाखवून म्हणाले, ताई, तेवढं पुसा, आज तपासणीला साहेब येणार आहेत.

ताईंनी डस्टर त्यांच्यापुढं धरलं.

"तिनं तक्रार नाई केली, सर, पण मी करून राह्यली. पुसाचं असन तं तुमीच पुसा. माह्या हातानं माहं नाव मी नाई पुसत."

पोरं रांगेत उभी राहून बघत होती. लाज वाटावी की नाही माणसाला? सरांनी पुसलं, खडू घेतला आणि त्याच जागी स्वतःचं नाव लिहिलं.

वर ताईंचं मोत्यासारखं अक्षर, खाली सरांचे कोंबडीचे पाय. दुपारी साहेब आले, तेव्हा सारी शाळा स्वागताला दाराशी उभी होती. फलक वरून खालपर्यंत वाचला, पुन्हा वर पाहिलं आणि सरांना विचारलं, वरचं कोणी लिहिलं? साऱ्या शाळेसमोर भागवत सरांना ताईंचं नाव स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं.