बटण सोडल्यावर

जानेवारीतला रविवार होता. सीमेवरच्या बर्फातल्या पोस्टवर आम्ही नऊ जण. त्यांपैकी चौघे सकाळीच खालच्या पोस्टवरून रॉकेल आणायला उतरले होते. वर उरलो पाच: सुभेदार साहेब, तीन जवान आणि रेडिओ सेटवर मी, लान्स नाईक पीटर. माझं गाव तलासरी तालुक्यात, एक लहानसा पाडा.

उतरलेल्या चौघांत नाईक हरेश होता. डहाणूजवळच्या आगरचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. आमच्या कंपनीत डहाणू स्टेशनला उतरणारे आम्ही दोघेच. शक्यतो सुट्टी बरोबरच मागायचो. परत येताना तो सुके बोंबील आणायचा, मी घरचा तांदूळ. पहिले काही दिवस सगळी पोस्ट आमच्यावर खूश असे.

मी ख्रिस्ती. रोज ड्यूटीआधी प्रार्थना करायचो आणि नंतर थोडा वेळ गप्प बसायचो. ही सवय आईची. ती म्हणायची, "मागून झालं की लगेच उठायचं नाही. देवालाही बोलू दे."

हरेशला याची गंमत वाटे.

"काय पीटर, आला का रिप्लाय?"

"येईल."

"तुझा देव कायम रेडिओ सायलेन्सवर. आपला कुक बरा, शिव्या तरी देतो."

दुपारी एकच्या सुमारास वरचा उतार सुटला. बर्फाचा लोट पोस्टच्या खालून गेला. परतणाऱ्या चौघांपैकी तिघे धडपडत वर आले. हरेश सर्वांत मागे होता. तो आला नाही.

सुभेदार साहेब दोन जवान आणि फावडी घेऊन निघाले. थोडं अंतर गेले तोच दुसरा लोट आला. एका जवानाचा खांदा निखळला. त्याला धरूनच ते परतले.

"वरचा बर्फ अजून लटकलाय," साहेब म्हणाले. "वारा पडेपर्यंत कुणीही हलायचं नाही."

"साहेब, हरेश आहे तिथे."

"कोण आहे ते मला माहीत आहे."

हरेशजवळ हँडसेट होता. मी त्याला हाक मारत राहिलो. सेटचं बटण दाबलं की आपण बोलतो, सोडलं की समोरचा ऐकू येतो. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी शिकवतात. माझा अंगठा बटणावरून निघत नव्हता. साहेबांनी तो धरून बाजूला केला.

"सोड. त्याला बोलू तर दे."

मी सोडलं. बराच वेळ नुसती खरखर. मग खट्. आवाज नाही, फक्त पलीकडे बटण दाबल्याचा खटका.

"हरेश, तू असशील तर एकदा दाब. ओव्हर."

खट्.

"बोलता येतंय? हो तर एकदा, नाही तर दोनदा. ओव्हर."

खट्. खट्.

तो बर्फाखाली कुठेतरी होता, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि जिवंत होता. बाहेर वारा तसाच. साहेब दर थोड्या वेळाने दार उघडून उताराकडे पाहत आणि पुन्हा लावून घेत. मी मनात देवाकडे एकच मागत होतो, हा वारा थांबव. वारा थांबला नाही.

सांगण्यासारखं काही उरेना, तेव्हा मी विचारलं, "हरेश, प्रार्थना म्हणू? ओव्हर."

इतकी चेष्टा करणारा माणूस. मला वाटलं, दोनदा वाजेल. एकदाच वाजलं.

मी मराठीत म्हटली, घरी म्हणतो तशी. बंकरमध्ये सगळे उभे राहिले. आमेन म्हटलं आणि बटण सोडलं.

खट्.

त्यानंतर काही नाही. मी अंधार पडेपर्यंत हाक मारत होतो. प्रत्येक वेळी बटण सोडत होतो.

दुसऱ्या सकाळी वारा पडला. हरेश सापडला, तेव्हा हँडसेट छातीशी होता.

मी त्याला जिवंत मागितलं होतं. ते मिळालं नाही. का, हे मला आजही माहीत नाही. बरेच महिने मी प्रार्थना केली नाही, पण सकाळी गप्प बसायचं सोडलं नाही. मागायला तोंड नव्हतं, बसायला बळ पुरत होतं. त्या बसण्याच्या आधारावरच पुढची नोकरी निभावली.

पुढच्या सुट्टीत आगरला गेलो. हरेशच्या आईने विचारलं, "शेवटी काय बोलला रे?" मी जसं घडलं तसं सांगितलं.

"म्हणजे तू होतास ऐकायला."

"होतो, आई."

आता मी पेन्शनवर आहे. दरवर्षी नवा तांदूळ झाला की पाच किलो आगरला पोचवतो. यंदाचाही तिच्या हातात दिला. तिने बोंबील बांधून दिले, देवाजवळ दिवा लावला आणि हरेशच्या फोटोकडे बोट दाखवलं.

"त्याला ऐकवलीस ती प्रार्थना म्हण."

मी म्हटली. आमेन झालं. डहाणूची बस चुकेल म्हणून पिशवी उचलली.

"बस रे," ती म्हणाली. "एवढी कसली घाई? त्याला बोलू दे जरा."

मी पिशवी खाली ठेवली.