पुसलेली पानं

लोरे पावलिक रिकाम्या हाताने बसलीय असं आमच्याकडे कुणी कधी पाहिलं नाही. हातात फडकं असायचंच. तिला एकटीला नावं ठेवण्यात अर्थ नाही म्हणा. जर्मनीतल्या या ऱ्हूरच्या कोळसापट्ट्यातल्या आम्ही बायका सगळ्याच तशा. खिडकीची चौकट सकाळी पुसायची, दुपारी परत पुसायची, चादरी दोरीवर टाकण्याआधी वारा कुठून येतोय ते बघायचं. फडक्यावर काळं आलं तर ते कोळसा भाजून कोक करणाऱ्या भट्टीचं, तांबूस आलं तर पोलादाच्या कारखान्याचं, हे इथल्या पोरींना पाढ्यांच्या आधी कळायचं. शिशाच्या भट्टीची धूळ मात्र राखाडी, साधीच दिसणारी. तिची दखल घ्यावी असं कुणाला वाटलं नाही.

लोरेचा नवरा फ्रीडहेल्म खाणीत होता. छातीत कोळसा भरून गेला बिचारा, पन्नाशीसुद्धा बघितली नाही. मूलबाळ नव्हतं. मागे राहिला तो रुळांपलीकडे भाड्याने घेतलेला बागेचा तुकडा, त्यातलं लाकडी खोपटं आणि भाजीच्या ओळी. लोरे सगळा दिवस तिथेच काढायची.

कुंपणापलीकडचा तुकडा तुर्कस्तानातून आलेल्या अयदिन कुटुंबाचा. जेमाल अयदिन त्याच शिशाच्या भट्टीवर कामाला, बायको नुर्तेन, आणि एकुलती एक सेविल. ही पोरगी चालायला लागली ती थेट कुंपणाच्या फटीतून लोरेकडे. पुढे शाळेत जायला लागली तरी तो रस्ता सुटला नाही.

"लोरेआजी, काय शिजतंय?"

"तुझं नाक आहे की काय आहे गं! झाकण काढायचा अवकाश, हजर!"

आमच्याकडे थंडीत केलची भाजी करतात. कुरळ्या पानांची केल, पहिल्यांदा कडक गारठून पानं आखडल्याशिवाय तिला गोडी येत नाही. आम्ही ती डुकराच्या चरबीत शिजवतो, पण सेविलसाठी लोरेची पातेली वेगळी, त्यात नुसतं लोणी. आणि पोरगी शिजेपर्यंत थांबते कुठली! ओळीत शिरून कच्ची पानं सशासारखी कुरतडत बसायची. लोरे कौतुकाने बघायची. पोटच्या पोरीचं कुणी एवढं केलं नसेल.

एका सप्टेंबरात हवा तपासणाऱ्या कचेरीतल्या टेरहोर्स्टबाई एक मोठी कुंडी घेऊन आल्या. कुंडीत केलचं रोप. भट्टीच्या अंगाला शेवटची बाग लोरेची, म्हणून कुंडी तिथे ठेवायची होती.

"माती आम्ही बाहेरून आणलीय, स्वच्छ," त्या म्हणाल्या. "म्हणजे पानांत जे काही सापडेल ते हवेतूनच आलंय हे कळतं. पाणी खालून वातीने आपोआप मिळेल. तुम्ही काही करायचं नाही, पावलिकबाई. नुसती राहू द्यायची."

त्या गेल्यावर आमच्या बागांचा अध्यक्ष कुबियाक कुंपणावर रेलून म्हणाला, "यात काही निघालं ना लोरे, तर बागांना कुलूप. मग बस घरी चौकटी पुसत."

"तुझ्या जिभेला काही हाड आहे का!" लोरेने त्याला हाकलला, पण जीव टांगणीला लागला तो लागलाच. बाग गेली तर तिला दुसरं होतं काय?

दोन-तीन दिवसांत पानांवर राखाडी थर चढला. लोरेच्या बाकीच्या ओळींवरही तो होताच, पण त्या घरच्या. ही पाहुणी. सरकारी पाहुणी आपल्या दारात, आणि तिचं तोंड असं मळकं? लोकं काय म्हणतील! तिने फडकं ओलं केलं आणि एकेक पान वरून-खालून पुसून काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. "काही करायचं नाही" म्हणजे खत घालायचं नाही, पान तोडायचं नाही, असं ती समजली. लबाडी तिच्या मनाला शिवली नव्हती, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. चाळीस वर्षं जे हात पुसत आले, ते तेवढ्या एका कुंडीपुरते थांबतील कसे?

नाताळच्या सुमाराला निकाल आला. भट्टीच्या बाजूची हवा ठीक, भाजी खायला हरकत नाही. कुबियाकने लोरेच्या हाताचं चुंबन घेतलं. भलं मोठं भांडं चढलं, साऱ्या बागांनी मिळून केल खाल्ली, आणि सेविलने आपल्या लोण्याच्या पातेलीतली दोनदा मागून घेतली.

वसंतात शाळेत मुलांचं रक्त तपासलं. सेविलच्या रक्तात शिसं निघालं. पोरगी अधूनमधून पोट धरून बसायची, काल शिकलेलं आज विसरायची, ते का, हे आता कळलं. पण शिसं आलं कुठून? टेरहोर्स्टबाई आरोग्य खात्याच्या डॉक्टरांना घेऊन शोधायला लागल्या. अयदिनांच्या घरातले नळ बघितले, भिंतींचा रंग खरवडून नेला. काही नाही. बागेची हवा तर कुंडीनेच निर्दोष ठरवली होती. मग उरला कोण? बाप.

"धूळ तुमच्या अंगावरून घरात येत असणार," डॉक्टर जेमालला म्हणाले. रागाने नाही, समजावून म्हणाले. जेमाल कामावरूनच न्हाऊन, कपडे बदलून यायचा. तसं त्याने सांगितलंही. तरी ठरलं असं की कपडे तळघराच्या दारात उतरवायचे, घरी आल्यावर पुन्हा न्हायचं, आणि पुढची तपासणी होईपर्यंत मुलीला जवळ घ्यायचं नाही.

नुर्तेनने ते अक्षरशः पाळलं. घाबरलेली आई ती, पाळणारच. आधी जेमाल घरी आला की सेविल त्याच्या खांद्यावर बसून सगळ्या बागांना चक्कर मारायची. आता ती "बाबा!" म्हणत धावली की नुर्तेन किंचाळायची, "लांब हो! बाबाला हात लावू नकोस, आजारी पडशील!" जेमाल मान खाली घालून बागेच्या पार टोकाच्या बाकावर जाऊन बसायचा. जेवण तिथे, चहा तिथे. आपल्याच घरात वाळीत पडला माणूस.

आणि नुर्तेन लोरेला म्हणाली, "ताई, ही शाळेतून आली की तुमच्याकडेच ठेवा. तुमची बाग सगळ्यात स्वच्छ, कचेरीवाल्यांनीच सांगितलंय."

लोरेला आभाळ ठेंगणं झालं. तिने पोरीला पालक खाऊ घातला, मुळे घातले, सॅलडची कोवळी पानं घातली. "अंगावर मांस नाही गं तुझ्या, खा!" उन्हाळाभर सेविल तिथेच.

शरद ऋतू आला तेव्हा रक्त पुन्हा तपासलं. शिसं वाढलेलं होतं.

टेरहोर्स्टबाई नवी कुंडी घेऊन आल्या त्या थकलेल्या दिसत होत्या. "समजत नाही हो," त्या म्हणाल्या. "बाप एवढा लांब राहिला, तरी वाढलंच कसं?"

त्यांना बरं वाटावं म्हणून लोरे म्हणाली, "काळजी नका करू बाई. हीसुद्धा कुंडी मी गेल्या वेळेसारखीच लख्ख ठेवीन."

"लख्ख?"

"म्हणजे रोज पुसायची ना मी. ओल्या फडक्याने. दोन्ही अंगांनी."

टेरहोर्स्टबाई पालथ्या बादलीवर मटकन खाली बसल्या. मग उठून त्यांनी लोरेच्या ओळीतलं एक पान तोडलं आणि बोटांत चोळलं. बोटं राखाडी झाली.

"ही पानंही पुसत होतात?"

"एवढ्या ओळी कशा पुसणार? शिजवताना धुवायची की."

"रोजच्या रोज पुसली तर ताजी धूळ निघते, पण पानाच्या मेणात मुरलेलं शिसं नळाखाली धरून निघत नाही, पावलिकबाई. पुसलेल्या कुंडीत आम्हाला काही दिसलं नाही, म्हणून आम्ही दुसरीकडे शोधत बसलो." मग म्हणाल्या, "चूक माझी. मी नीट सांगायला हवं होतं."

लोरेला त्यातलं काही ऐकूच आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे ओळीत बसून कच्ची पानं चावणारी सेविल होती. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती, आणि चोराच्या हाती पोर सोपवली होती. "माझ्या हातांनी," ती म्हणाली. "अगं बाई, माझ्या हातांनी भरवलं मी!"

कचेरीकडून रीतसर कळवू, असं टेरहोर्स्टबाई म्हणत होत्या. लोरे थांबली नाही. तशीच कुंपणाला वळसा घालून अयदिनांच्या बागेत गेली. सकाळची पाळी सुटलेली होती. जेमाल टोकाच्या बाकावर, नुर्तेन आणि सेविल इकडे खोपटाच्या पायरीवर. लोरेने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रडली नाही. रडायचा हक्क आपला नाही, असं तिला वाटलं.

नुर्तेनने कपाळावर हात मारून घेतला. "मी पाठवली! मी हाताला धरून पाठवली हिला तुमच्याकडे! बापापासून तोडली आणि तुमच्या ताटावर बसवली! काय केलंत हो ताई, काय केलंत!"

"शिव्या दे मला," लोरे म्हणाली. "दे."

जेमाल बाकावरून उठून सावकाश जवळ आला. "म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"नाही, जेमाल."

"हे टेरहोर्स्टबाई म्हणाल्या, की तुम्हीच म्हणताय?"

"त्यांच्यासमोरच उघड झालं. तुझा काही दोष नाही, बाळा. कधीच नव्हता."

त्याने दोन्ही तळहात पँटला पुसले. ते स्वच्छच होते. मग तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने हात पसरले. "सेविल. ये माझ्याकडे."

सेविल पायरीवरून उठली. आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"नको बाबा," ती समजुतीने म्हणाली. "मी आजारी पडेन ना."

"जा गं राणी, आता चालतं," नुर्तेन रडत म्हणाली. "जा, आई सांगतेय ना."

जेमाल गुडघ्यांवरच थोडा पुढे सरकला. तशी पोरगी घाबरली, मागे हटली आणि वळून पळत सुटली. ती लोरेकडे गेली, तिचा झगा दोन्ही मुठींत गच्च धरून तिच्या मागे लपली. लोरे तिची बोटं एकेक करून सोडवू लागली, पण सुटेनात.