नारिंगी ठिपक्यांची गोगलगाय

विभागात तिला सगळे गोगलगाय म्हणायचे. एक तर ती गोगलगायींवर पीएचडी करत होती, आणि दुसरं म्हणजे सहावं वर्ष संपत आलं तरी करतच होती. 'गोगलगाय नि पोटात पाय' असं तिच्या तोंडावर म्हणून पोरंपोरी हसायची. पोटात पाय असते तर तिचं भलंच झालं असतं हो! पण नव्हते ना.

तिच्या सरांचा एक नियम होता. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या संशोधनाचा तक्ता व्हरांड्याच्या भिंतीवर लावायचा, तोही न पुसणाऱ्या शाईत. वर उद्दिष्टं, खाली महिन्यांचे चौकोन, प्रत्येक चौकोनात कोणतं काम कधी संपणार ते. वेळेत झालं की हिरवी टिकली, हुकलं की लाल. दर सोमवारी साडेनऊला सगळ्यांनी तक्त्यांसमोर उभं राहायचं आणि ज्याचं हुकलंय त्याने आपला चौकोन मोठ्याने वाचून दाखवायचा. कारण सांगायचं नाही. "कारणं शाळेत सांगत होतात तेवढी पुरे," सर म्हणायचे, आणि चहा घ्यायचे.

गंमत म्हणजे भिंतीवरचे सगळेच तक्ते तिच्या हातचे. अक्षर कसं, अगदी छापल्यासारखं! नवीन कोणी आलं की सर हाक मारायचे, "गोगलगाय, याचा तक्ता लिहून दे." लिहायची बिचारी. दुसऱ्यांचे चौकोन हिरवे होत गेले, माणसं डॉक्टर होऊन निघून गेली, आणि हिची लाल टिकल्यांची रांग तेवढी लांबत गेली.

घरी वडील होते. आयुष्यभर बसमध्ये तिकिटं फाडलेला माणूस, निवृत्त कंडक्टर. लेकीच्या तक्त्याची एक नक्कल त्यांनी मागून घेऊन फ्रिजच्या दारावर चिकटवली होती. सोमवारी संध्याकाळी ती चप्पल काढते न काढते तोच विचारायचे, "काय गं, आज हिरवं की लाल?" रागावले कधीच नाहीत. लाल म्हटलं तर म्हणायचे, "असू दे. बस उशिरा सुटली तरी पोचते." बरं, ते तिला जास्त लागायचं.

नोंदणीची मुदत संपायला पाच महिने उरले होते. तोपर्यंत प्रबंध गेला नाही तर नाव कापलं जाणार, सहा वर्षं पाण्यात. उरलेलं मोठं काम एकच होतं: दोन बागांमध्ये गोगलगायी किती आहेत ते काढायचं. रीत सोपी. सहाशे धरायच्या, शंखावर खूण करून सोडायच्या आणि तीन आठवड्यांनी पुन्हा धरायच्या. त्यात खुणेच्या जितक्या कमी सापडतील, तितकी बागेतली एकूण संख्या मोठी.

आधी ती शंखावर तपकिरी कागदाचा बारीक आकडा चिकटवायची. एकेकीला तीन-तीन मिनिटं. शिवाय पालापाचोळ्यात ते आकडे नंतर तिलाच दिसायचे नाहीत. महिना संपायला दहा दिवस राहिले तेव्हा एकशे चाळीसच झाल्या होत्या. सोमवारी सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, "गोगलगायींना पळवायचं नाहीये, खुणा करायच्यात. तेवढं तरी जमेल का?" सगळे हसले. तीही हसली. काय करणार?

त्याच संध्याकाळी तिने दुकानातून भडक नारिंगी नेलपॉलिशच्या चार बाटल्या आणल्या. एक ठिपका, एक फुंकर, झालं. जुने आकडे खरवडून त्यांनाही नारिंगी ठिपके दिले. आठवडाभरात सहाशे पूर्ण. सर स्वतः उठले, हिरवी टिकली लावली, टाळ्या पडल्या. वडिलांनी त्या दिवशी शेजाऱ्यांना बोलावून फ्रिज दाखवला. हो, फ्रिज!

तीन आठवड्यांनी पाचशे धरल्या. त्यात नारिंगी निघाल्या नऊ. हिशेब केला तर बागांमध्ये तेहेतीस हजार गोगलगायी! सर खूश. अडीच महिन्यांत तिने प्रबंध लिहून काढला. राहिली ती सरांची सही, आणि हातात तीन आठवडे.

मग ती जागा आखायला ठोकलेल्या, दुसऱ्या बागेत राहिलेल्या खुंट्या काढायला गेली. नळामागे एक तुटकी वीट होती. विटेवर एक पक्षी गोगलगाय चोचीत धरून दाण दाण आपटत होता. तो उडाल्यावर ती जवळ गेली. विटेभोवती फुटक्या शंखांचा सडा पडला होता. तिने खाली बसून मोजले. साध्या शंखांचे तुकडे तीन. नारिंगी ठिपक्याचे एक्केचाळीस. पहिल्या बागेतही तशीच जागा सापडली.

आता कळायला काय उरलं होतं? तिच्या ठिपक्यांनी पक्ष्यांना आयतं बोट दाखवलं होतं: ही बघ, ही खा. खुणेच्या गोगलगायी मेल्या म्हणून कमी सापडल्या, आणि कमी सापडल्या म्हणून आकडा फुगला. तेहेतीस हजार साफ खोटे होते. तिने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही हिरव्या टिकलीसाठी.

गप्प बसली असती तर? कोण बघायला येणार होतं ती वीट? दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी शंख डब्यात भरून सरांपुढे ठेवले आणि सगळं सांगितलं. म्हणाली, "सर, आकडा चुकलाय. पण ठिपक्यांमुळे पक्षी खातात, हे तर नवीनच आहे ना? याचंच प्रकरण करू या. सहा महिने वाढवून द्या."

सरांनी डबा हलवून पाहिला. "तुझ्या तक्त्यात असा चौकोन आहे?"

"नाही."

"मग वाढवू कशासाठी?" डबा त्यांनी आपल्या कपाटात ठेवला. "अगं, सांगायला कशाला आलीस? सांगितलं नसतंस तर मी सही केली असती. आता मला माहीत झालं ना. आता कशी करू?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुदत संपली. नाव कापलं गेलं.

शेवटच्या सोमवारी ती आपलं सामान न्यायला गेली. सरांनी नेहमीसारखी हाक मारली, "गोगलगाय, जाता जाता तेवढा एक तक्ता लिहून दे. नवीन मुलगी आलीये." ती नवी, जेमतेम बावीसची, बाजूला उभी राहून म्हणाली, "ताई, तुमचं अक्षर किती छान आहे!"

सर सांगत गेले, ती लिहीत गेली. उद्दिष्ट पहिलं: शंखावरच्या रंगीत खुणांमुळे पक्ष्यांकडून होणारी शिकार. मुदत तीन वर्षं. पहिला चौकोन: प्राथमिक पुरावा गोळा करणे. तिचं पेन अडलं.

"लिही की," सर म्हणाले. मग त्यांनी कपाटातून डबा काढून नवीच्या हातात दिला आणि शाई वाळायच्या आत त्या चौकोनावर हिरवी टिकली लावली. "बघा, पहिल्याच दिवशी! शिका जरा." टाळ्या पडल्या. सवयीने तिनेही वाजवल्या.

नाव कापल्याचं तिने घरी सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळी वडील फ्रिजपाशी खुर्ची टाकून बसले होते. शेवटचा चौकोन तेवढा कोरा होता, आणि हिरवा स्केचपेन त्यांनी टोपण काढून तयार ठेवला होता.

"काय गं, हिरवं की लाल?"

"हिरवं," ती म्हणाली.

"बघ! मी म्हणत होतो की नाही, पोचते म्हणून?" त्यांनी चौकोन नीट, कडेपर्यंत भरला. मग शेजाऱ्यांना सांगायला म्हणून चप्पल घालू लागले.