मानाची खुर्ची

खुर्ची पुढे केली की फौजीकाका तिच्या पाठीवर हात ठेवायचे, ती जरा बाजूला सरकवायचे आणि तिच्या मागे उभे राहायचे. "बसा तुमी. मी हाय बरा." एवढंच. मग कार्यक्रम कितीही लांबो.

मी दिवसा कचेरीत फायली सरकवतो आणि उरलेल्या वेळात रत्नागिरीतल्या कार्यक्रमांचं निवेदन करतो. "मान्यवरांनी आसनस्थ व्हावं" हे वाक्य माझ्या तोंडात इतकं रुळलंय, की बायको जेवायला वाढतानाही मला आसनस्थ व्हायला सांगते. अशा माणसासमोर फौजीकाका उभे म्हणजे माझ्या धंद्यावरच घाला.

सैनिक म्हटलं की गाव हळवं होतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. झेंडावंदन असो, गणपती असो की पतसंस्थेचा वर्धापनदिन, मंचावर एक माजी सैनिक हवाच. काका आमच्याच वाडीतले, म्हणून हाताशी. सैन्यात ते ट्रक चालवायचे. हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण गावाने त्यांना परस्पर मेजर केलं होतं. शाल, नारळ, गुलाबाचं फूल झालं की मी आसनस्थ म्हणायचो आणि ते व्हायचे नाहीत. सगळे बसलेले आणि एकच माणूस ताठ उभा बघून वक्त्यांना वाटायचं, आता आटपा म्हणतायत. भाषणं खरोखरच आटोपती व्हायची. त्याबद्दल मी त्यांचा आयुष्यभर ऋणी आहे.

परसात माडांची रांग असलेल्या माणसाला आम्ही दुकानातून आणलेला नारळ द्यायचो. काकू तो कानाशी धरून हलवायच्या. "पाणी नाय ह्यात. कोणी दिलान?" आमच्या घामट हवेत शालींचाही काही उपयोग नव्हता. पण काकू हिकमती. हापूसची आढी लावली की पेंढ्यावर त्या सगळ्या शाली पांघरायच्या. "ह्यांच्या सत्कारानं आंबा लवकर पिकतो," असं त्या सांगत, आणि खरंच आमच्या वाडीत पहिली पेटी त्यांच्याच घरची निघायची.

एकदा गुहागरच्या एसटीत आम्ही बरोबर होतो. गाडी खचाखच भरलेली. एका भल्या गृहस्थाने काकांना ओळखलं आणि ताडकन उठून जागा दिली. काका म्हणाले, "बसा तुमी." तो म्हणाला, "छे, छे, सैनिकासाठी उठलोय." आता त्याला परत बसता येईना, काका बसेनात, आणि सैनिकासाठी सोडलेल्या जागेवर बसायची दुसऱ्या कोणाची छाती होईना. एवढ्या गर्दीत ती सीट राजासारखी रिकामी चालली होती. शेवटी एका कोळणीने आपली माशांची पाटी तिच्यावर ठेवली आणि सगळी गाडी सुटल्यासारखी हसली. सगळ्यांत मोठ्याने काका हसले.

त्यांचा उजवा खांदा अधू होता. आत धातूची पट्टी घातलेली होती. गावाच्या मते तिथे गोळी लागली होती, आणि दरवर्षी ती गोळी जास्त जवळून झाडली जात होती. काका सांगून थकले, "गोळी नाय रे, ट्रकचा मागचा फाळका पडला." ऐकणारा समजूतदारपणे मान हलवायचा. एवढ्या शूर माणसाने बढाई मारू नये, याचंही मग कौतुक व्हायचं.

हे सगळं गमतीचं. पण एका गोष्टीत गंमत नव्हती.

काका अठरा वर्षांचे असताना भरती झाले. त्यानंतर शिमग्याला त्यांना कधी रजा मिळाली नाही. सैन्यातून सुटले आणि मुंबईत एका कंपनीच्या गेटवर लागले. तिथले बाकीचे सगळे कोकणातले, शिमग्याला ते गावी पळायचे. मग गेट कोण सांभाळणार? फौजी. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, अंगणात नाचते, तेव्हा हा माणूस कायम दुसऱ्याच कशाच्या तरी राखणीला. सैन्यात असताना होळीच्या दिवशी ते आपला बिस्तरा तंबूच्या बांबूला बांधायचे, एखाद्या पंजाबी गड्याला मागच्या टोकाला लावायचे आणि तो पालखीसारखा बराकीपुढे नाचवायचे. "साहेब बघायचे नि म्हणायचे, ये कौनसी परेड है?" हे सांगताना त्यांचे पाय जमिनीवर ठेका धरायचे.

साठीला ते कायमचे घरी आले. पहिल्याच शिमग्याला पँट दुमडून, डोक्याला पंचा बांधून अंगणात उभे राहिले. ढोल वाजत पालखी आली. पोरांनी लगबगीने लाल प्लास्टिकची खुर्ची आणली, वर स्वच्छ टॉवेल अंथरला आणि म्हणाले, "काका, तुमी बसा. तुमचा मान." देवासमोर वाद नको म्हणून ते बसले. आयुष्यभर जिची वाट पाहिली ती पालखी त्यांच्या समोर नाचली आणि ते स्वतःच्याच अंगणात पाहुण्यासारखे टाळ्या वाजवत राहिले. पुढच्या वर्षी खुर्चीला हारही घातला होता.

"म्हणून बसत नाय मी," एकदा ते मला म्हणाले. "एकदा बसवलंन ना माणसाला, की मग उठ म्हणत नाय कोणी."

मी विचारलं, तुम्ही सांगत का नाही? ते म्हणाले, "कसं सांगू? प्रेमानं करतात. पालखीचा गावकर म्हणतो, देशाचा माणूस हाय, खांदा गेला तर वाडीचं नाव जाईल." मग म्हणाले, "माईकवाल्या, तू एवढं बोलतोस. एकदा माझ्यासाठी बोल. पाय चालतायत तोवर."

तिसऱ्या शिमग्याला त्यांच्या अंगणात खुर्ची आली तेव्हा माईक माझ्या हातात होता. माझ्याकडे अलंकारिक वाक्यांचा साठा कायम तयार असतो, पण त्या वेळी एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "खुर्ची उचला. पालखी काकांच्या खांद्यावर द्या. त्यांना नाचायचंय."

ढोल थांबले. पोरं गावकरांकडे बघू लागली. गावकर म्हणजे पालखीचे पहिले मानकरी, सत्तरी ओलांडलेले, तोंडाने फटकळ. ते काकांना म्हणाले, "नि पडलास तर?"

"पडलो तर उठीन. खुर्चीतनं उठता येत नाय."

 गावकरांनी धोतराचा काचा मारला आणि पालखीच्या मागे जाऊन उभे राहिले. "मागचा दांडा माझा. पडलो तर दोघं पडू. वाजवा रे."

पालखी नाचवताना दांडा या खांद्यावरून त्या खांद्यावर फिरवतात, त्यातच सगळी बहार असते. काकांना ते शक्य नव्हतं. त्यांनी पालखी डाव्या खांद्यावर घेतली ती डाव्याच खांद्यावर ठेवली, आणि गावकरांनीही मागे खांदा बदलला नाही. दोन म्हातारे अंगणभर फिरले. काकांचे पाय चुकत होते, सावरत होते, पुन्हा ठेक्यात येत होते. काकू ओटीचं ताट हातात धरून दारात रडत होत्या. मीही रडलो, आणि माईक चालू असल्यामुळे ते साऱ्या वाडीने ऐकलं.

पालखी उतरली तेव्हा काका घामाने निथळत होते. "आण रे ती खुर्ची आता," ते म्हणाले, "दमलो." आणि मस्तपैकी पाय पसरून बसले.

त्यानंतर आणखी दोन शिमगे त्यांना मिळाले. गेल्या गणपतीनंतर ते गेले. गावाने रीतसर सगळं केलं. नाक्यावर फलक लागला, त्यावर ते मेजर होते. शोकसभेत दोघा वक्त्यांनी गोळीचा उल्लेख केला. निवेदन माझंच होतं. मी कोणाला दुरुस्त केलं नाही, कारण सगळ्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.

या शिमग्याला पालखी त्यांच्या अंगणात आली. गावकर आता नाचवत नाहीत, ते ओट्याच्या कडेला टेकले होते. काकूंनी ओटी भरली. दोन तरण्या पोरांनी पालखी उचलली आणि ढोल सुरू झाले. शेजारच्या अंगणात हीच पोरं दांडा भिंगरीसारखा फिरवत होती. इथे त्यांनी तो डाव्या खांद्यावर घेतला आणि शेवटपर्यंत हलवला नाही. त्यांना कोणी तसं सांगितलं नव्हतं. मी तरी नाही.

बऱ्याच वर्षांनी मुंबईहून आलेला एक चाकरमानी माझ्या शेजारी उभा होता. त्याने एका ढोलवाल्याला विचारलं, "खांदा का नाय बदलत रे?"

ढोलवाल्याने हात न थांबवता सांगितलं, "ह्या अंगणात अशीच नाचवतात."