मेलेल्या जहाजावरची माणसं

अंतराळयुद्धाच्या त्या न संपणाऱ्या कादंबरीमालेला आमच्या कामतघरच्या वाचनालयात एकच वाचक आहे: काका. त्यांचा सगळा जन्म कापड विणणाऱ्या लूमवर गेला. ऐकू कमी येतं, म्हणून ते समोरच्याच्या ओठांकडे बघतात आणि बोलताना हात हलवत राहतात. लूमच्या खडखडाटात कारागीर खुणांनीच बोलतात, त्याची ही सवय.

नवा भाग वाचून त्यांनी तो ग्रंथपालाच्या, म्हणजे माझ्या, टेबलावर आपटला.

"लेखक चुकलाय, सर. जहाजावरची माणसं मेली आणि जहाज गप्प झालं म्हणतो. असं व्हत न्हाय."

"अहो, मेलेली माणसं बोलतील कशी?"

"बोलायला आवाज कशाला लागतो?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

शुक्रवारी लूमना सुट्टी, गल्ली चिडीचूप. दुपारी घरी जाताना काका दिसले. आगीत त्यांच्यासोबतचे कारागीर गेले, तेव्हापासून त्यांचा जुना कारखाना बंदच आहे. त्याच्या खिडकीसमोर ते भराभर खुणा करत होते. मीही लूमवाल्याचा मुलगा, मला त्या कळतात. लूमवर ये-जा करणाऱ्या धोट्याची खूण करून त्यांनी हात आभाळाकडे नेला, तेव्हा लक्षात आलं, ते जहाज होतं. काका कादंबरी सांगत होते. मध्येच थांबायचे, खिडकीकडे बघून मान डोलवायचे, मग पुढे.

खिडकीत काजळीशिवाय काही नव्हतं.

"काका, कोणाला सांगताय?"

त्यांनी माझे ओठ वाचले. मग खिडकीकडे बराच वेळ बघितलं.

"शेवट त्यांनाबी पटला न्हाय, सर. पुढचा भाग कधी येतोय, तुम्हाला विचारतायत."