सावजी खिम्याची ताकद

वजनं वापरून झाली की जागेवर ठेवा, अशी पाटी आमच्या वाडीच्या जिममध्ये आहे. किश्श्यांसाठी पाटी नाही, त्यामुळे ते साठत जातात. रिटायर झाल्यापासून मी तिथे रोज जातो. मुख्यतः बसायला.

*

सकाळच्या बॅचमध्ये दोन पक्ष. गोपाळरावांचं गांधीबागेत कापडाचं दुकान, घर कट्टर शाकाहारी. भाऊराव मौद्याच्या वीज केंद्रातून निवृत्त. त्यांच्या मते, ज्याला पाय असतात तेच प्रोटीन.

"मटकीनं मसल नाई होत गा, गॅस होते!"

"अन् बैल काय बिर्याणी खाते?"

बैलाचं मत कोणी विचारलं नाही.

*

ट्रेनर एकदा समजवायला गेला. "काकाजी, दोन्हीनं मसल बनते. फक्त पोटात पुरेसं गेलं पायजे."

दोघेही त्याच्यावर आठवडाभर नाराज!

*

भाऊराव श्रावण पाळतात. पहिल्याच सकाळी त्यांनी बार अर्ध्यात सोडला. "ताकदच नाई वाटून राहिली."

आदल्या रात्रीचं मटण अजून पोटात होतं.

पोळा झाला, घरी खिमा शिजला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी बारला जादा प्लेटा लावल्या. "पाहा खिम्याची ताकद!" मग रोज तेच.

*

शेवटी पैज लागली. रविवारी दोघांनी डेडलिफ्ट मारायची. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचं जेवण सगळ्यांसमोर खायचं. गोपाळराव तावातावात 'हो' म्हणाले. मग मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "मायले समजलं तर ती माह्या हातचं पाणी नाई पिणार."

"मग नाही म्हणा."

"आता? गांधीबागेत तोंड कसं दाखवू?"

रविवारी भाऊरावांनी बार सरळ वर घेतला. गोपाळरावांचा गुडघ्याशीच थांबला.

भाऊरावांच्या मिसेस, कुसुमवहिनी, डबा घेऊन आल्या होत्या. झाकण उघडताच सावजी मसाल्याचा वास सुटला. गोपाळरावांनी चमचा उचलला. डोळे मिटले.

"खा भाऊजी, बिनधास्त खा," वहिनी म्हणाल्या. "सोयाबीन आहे."

"सोयाबीन?" भाऊराव ओरडले.

"डॉक्टरनं श्रावणातच तुमचं मटण बंद सांगतलं. पोळ्यापासून हाच खिमा खाऊ घालून राहिली तुम्हाले."

गोपाळरावांनी डोळे उघडले, चमचा तोंडात घातला आणि डबा जवळ ओढला. "वहिनी, पोळी आहे काय?"

भाऊराव बाकावर मटकन बसले.

"काहून गा, काय झालं?" मी विचारलं.

"ताकदच नाई वाटून राहिली."